समासातली पेन्सिल

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना पोफळींच्या वाड्यांत बुडालेलं सुरवळे गाव लागतं. त्या गावात सर्वांत जास्त वाचलेला माणूस कोण असं विचारलं, तर पोरंसुद्धा विश्वंभरपंतांच्या घराकडे बोट दाखवीत. अलिबागच्या कचेरीत तीस वर्षं सरकारी दप्तर सांभाळून पंत पेन्शनीत निघाले, ते थेट गावच्या वाचनालयाचे चिटणीस झाले. वाचनालय म्हणजे देवळामागची एक लांबट खोली, तीन कपाटं, एक बाक आणि सहाशे अकरा पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाला पंतांनी स्वतः खळ लावून तपकिरी कागद चढवला होता आणि पाठीवर वळणदार आकडा घातला होता. दारावरच्या पाटीवर एकच नियम होता : ‘पुस्तक जसें गेलें तसें परत आलें पाहिजे.’

पंतांचं एक गुपित मात्र त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त प्रस्तावना वाचीत.

कचेरीत लागलेली सवय होती ती. कागदाच्या डोक्यावर ‘विषय’ लिहिलेला असे. तेवढा वाचला की कागद कुठल्या बासनात बांधायचा ते कळे. पुढचं वाचायचं ते साहेबांनी. पुस्तकांच्या बाबतीत पंतांना प्रस्तावना म्हणजे तो ‘विषय’ वाटे. ती ते चवीनं, दोनदोनदा वाचीत, आणि मग पुस्तक कपाटात ठेवून देत. चारचौघांत विषय निघाला की गंभीरपणे म्हणत, “लेखकाचा हेतू चांगला आहे हो. पण त्यांनी स्वतःच कबूल केलंय की घाईत लिहावं लागलं.” ऐकणारे माना डोलवीत. पंतांना आजवर कुणी पकडलं नव्हतं, कारण गावातल्या प्रत्येकाची वाचायची तऱ्हा पंतांइतकीच निराळी होती. दत्तात्रेय वैद्य फक्त मोठ्या टाइपाची पुस्तकं नेत, मग आत काहीही असो. शाळेचे हेडमास्तर शेवटचं पान आधी वाचीत. “शेवट गोड आहे अशी खात्री झाल्याशिवाय मी नायकाशी ओळख वाढवीत नाही,” असं ते म्हणत. आणि पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक महादेवराव राऊत दर सोमवारी वाडीतला गडी भागोजी याला पाठवून एक जाडसं पुस्तक मागवीत. महादेवराव वर्तमानपत्रातला सुपारीचा भाव सोडून काही वाचीत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पुस्तकं ओटीवर पाहुण्यांना दिसावीत म्हणून नेत असतील, असं पंतांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एकोणतीस सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वैद्यबुवा परत आलेलं एक पुस्तक हातात धरून उभे होते आणि त्यांचं पोट हलत होतं. ते हसत होते.

“पंत, हे असलं आणखी आहे का?”

“असलं म्हणजे?”

“पेन्सिलीचं.”

पंतांनी पुस्तक ओढून घेतलं. ती घोलवडकर नावाच्या मुंबईच्या लेखकाची ‘वादळातील वैजयंती’ ही कादंबरी होती. पान एकवीस. नायक भर वादळात जहाजाचं शीड उभारून डोलकाठीवर चढतो आणि गाणं म्हणतो. शेजारच्या समासात बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘वादळांत शीड उतरवतात. हा उभारतो. बुडला मेला.’

पंतांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी पान उलटलं. नायक शत्रूला उद्देशून सलग चार पानं बोलतो. समासात : ‘इतका वेळ शत्रू काय विडी ओढत बसला होता?’

आणखी पुढे नायिकेचं बाळंतपण होतं आणि दुसऱ्या दिवशी ती घोड्यावर बसून जंगलात जाते. समासात : ‘आधी हिला कुणी वाटीभर पेज द्या.’

आणि कार्तिक महिन्यातल्या चांदण्यात प्रेमिक पिकलेला आंबा वाटून खातात तिथे : ‘कार्तिकांत पिकणारा आंबा! लेखकांनी पत्ता कळवावा. कलम हवें आहे.’

“हा गुन्हा आहे,” पंत म्हणाले.

“आहेच,” वैद्य म्हणाले. “पण आणखी असलं तर माझ्यासाठी बाजूला ठेवा. अक्षर बारीक असलं तरी चालेल.”

त्या दिवसापासून पंतांनी चौकशी हाती घेतली. कपाटातली पुस्तकं एकेक करून तपासल्यावर नऊ पुस्तकांत तीच पेन्सिल, तेच अक्षर सापडलं. गुन्हेगार कोण याचं उत्तर टिपांतच असणार, असं त्यांनी ठरवलं. ज्याला शिडाचं कळतं तो दर्यावर्दी असला पाहिजे. पण ज्याला बाळंतिणीच्या पेजेची काळजी तो वैद्य असला पाहिजे. आणि कलम मागणारा तर उघडच बागाईतदार. आता दर्यावर्दी, वैद्य आणि बागाईतदार असा एकच माणूस सुरवळ्यात तरी नव्हता. पंतांनी आडून आडून विचारून पाहिलं. वैद्यबुवांना म्हणाले, “काय हो, तुम्ही कधी गलबतावर होतात का?” वैद्य म्हणाले, “रेवसच्या बोटीत दोनदा बसलोय. दोन्ही वेळा डोळे मिटून.” हेडमास्तरांना म्हणाले, “आंब्याला मोहर कधी येतो?” हेडमास्तर म्हणाले, “का, परीक्षा घ्यायचीय का?” आणि तिथं चौकशी अडली.

तेव्हा पंतांनी निदान पुरावा तरी नाहीसा करायचं ठरवलं. अलिबागहून उत्तम रबर आणलं आणि दुपारची झोप सोडून ते वाचनालयात खोडायला बसू लागले. पण खोडायचं म्हणजे टीप सापडायला हवी. टीप सापडायची म्हणजे पानन् पान उलटायला हवं. आणि टिपेत ‘ही चवथ्यांदा बेशुद्ध पडली’ असं असलं, की पहिल्या तीन वेळा कुठे पडली होती ते शोधल्याशिवाय पंतांच्या दप्तरी स्वभावाला चैन पडेना. अशा रीतीनं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, विश्वंभरपंत प्रस्तावनेचा उंबरठा ओलांडून कादंबरीच्या आत जाऊन पडले.

आधी त्यांना वाटलं, आपण चौकशी करतोय. मग एके दुपारी, वैजयंती डाकूंच्या गुहेत अडकली असताना, बायको चहाला बोलवायला आली तर ते तिच्यावर खेकसले. ती घाबरून म्हणाली, “अहो, झालं तरी काय?” पंत म्हणाले, “काही नाही. सरकारी काम आहे.” सरकारी काम सुटून तीन वर्षं झाली होती.

रबर तसंच राहिलं. खोडलेल्या टिपा चार, न खोडलेल्या शंभरावर. इकडे गावात बातमी फुटली होती. लोक पुस्तक मागायला येत आणि हळूच म्हणत, “ते, टिपांचं.” ज्या कादंबऱ्यांना वर्षानुवर्षं वाळवीखेरीज कुणी हात लावला नव्हता त्यांच्यासाठी नंबर लागू लागले. पंत तोंडावर म्हणत, “तसलं पुस्तक आमच्याकडे नाही,” आणि मग तेच काढून देत.

एक टीप मात्र त्यांना लागली. नुकत्याच परत आलेल्या एका ऐतिहासिक ग्रंथाच्या बेचाळीस पानी प्रस्तावनेखाली लिहिलं होतं : ‘गोष्टीला सुरुवात व्हायच्या आधीच झोप लागली. पुढल्या वेळीं हीं पानें सोडून देऊं.’ प्रस्तावनेचा असा अपमान पंतांना सहन झाला नाही. त्यांनी खोलीत कुणी नाही असं पाहून दौतीत बोरू बुडवला, पुन्हा ठेवला, पेन्सिल उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलं : ‘प्रस्तावना हें ग्रंथाचें द्वार होय.’

दोन आठवड्यांनी ते पुस्तक परत आलं. पंतांनी घाईनं ते पान उघडलं. त्यांच्या ओळीखाली उत्तर होतं : ‘असेल. पण दारांत किती वेळ उभें राहायचें? घरांत या.’

पंतांनी ते शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले. हे कुणाला कसं कळलं, या विचारानं त्यांचे कान गरम झाले. मग त्यांनी नोंदवही काढली. हे पुस्तक या दोन आठवड्यांत एकाच घरी गेलं होतं : महादेव राऊत यांच्या घरी. पंतांनी बाकीची नऊही ताडून पाहिली. दहाच्या दहा तिथंच जाऊन आली होती. नोंदवहीत हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, आणि तेही पंतांच्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपरणं सावरून पंत राऊतांच्या वाडीकडे निघाले. ‘नाव कमी करण्यात येत आहे’ अशी नोटीस खिशात होती. फाटकापर्यंत पोचले, तो रहाट बंद होता आणि आतून एका बाईच्या वाचण्याचा आवाज येत होता. पंत तगरीच्या कुंपणाआड थबकले.

आत खळ्यावर वाळलेल्या सुपारीचा ढीग होता आणि त्याच्याभोवती माणसं सुपारी सोलत बसली होती. मधोमध पाटावर महादेवरावांची सून पद्मा मांडीवर पुस्तक घेऊन वाचत होती. नवरा मुंबईला एका पेढीत, सासू नाही, घरचा कारभार हिच्याकडे. सहावीपर्यंत अलिबागला शिकलेली. तिच्या अंबाड्यात फुलाच्या जागी पेन्सिल खोचलेली पंतांना लांबूनही दिसली. बाजूला मासळीची रिकामी पाटी उलटी घालून ठमाबाई कोळीण बसली होती. तिचा नवरा गलबताचा तांडेल होता, तो गेल्यापासून सकाळी मासळी विकून दुपारी ती इथं येई. तिच्याजवळ राही सुईण. गावातली निम्मी पोरं राहीच्या हातावर जन्मली होती, पंतांची दोन धरून. आणि पोफळीला पाठ टेकून भागोजी, ज्याच्या हाती दर सोमवारी पुस्तक जाई.

‘वादळातील वैजयंती’ पुन्हा चालली होती. ठमाबाईनं हट्टानं दुसऱ्यांदा मागवली होती म्हणे. पहिल्या वेळी ती तापानं पडली होती आणि शेवटचा अर्धा भाग तिचा राहिला होता. बाकीच्यांना तिला काही सांगायची सक्त मनाई होती.

पद्मा वाचत होती : “‘तिला वल्कलं नेसून डाकूंच्या मेळ्यात नाचताना पाहताच रणधीराच्या हृदयाचे शतशः तुकडे झाले. वैजयंती! तो ओरडला. तू? या नराधमांत?’”

“बघ मेली!” ठमाबाईनं सुपारी फेकली. “त्यानं हिच्यासाठी दर्या पालथा घातला आन ही नाचते! असली बाय नको मना. बंद कर गो.”

“ऐक तर खरी,” राही म्हणाली.

“काय ऐकायचं? नाचते ती नाचते. सोड तिला रणधीरा, दुसरी बघ.”

कुंपणाआड पंतांचा जीव कासावीस झाला. वैजयंतीवर इतका उघड अन्याय त्यांना बघवेना. नोटीस, नियम, उपरणं, कशाचीच त्यांना आठवण राहिली नाही. त्यांनी कुंपणावरून मान वर काढली आणि ओरडले :

“अहो ठमाबाई, ती वैजयंती नव्हेच! ती तिची जुळी बहीण आहे!”

खळ्यावर सगळं थांबलं. भागोजीच्या हातातली कातडीसारखी साल हातातच राहिली.

“कोन हाय तो?” ठमाबाई हळूच म्हणाली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली. “फोडलंस! म्हैनाभर थांबलेय मी! ह्या सगल्यांनी तोंडाला कुलूप घातलं माज्यासाठी, आन तू कुंपनातनं येऊन सांगतोस?”

“ठमाबाई, पंत आहेत ते,” पद्मा घाईनं म्हणाली आणि पदर सावरून उभी राहिली.

“पंत असूदे न्हायतर कलेक्टर असूदे!”

पंत आत आले. मघाशी रागानं आलेला माणूस आता खाली मान घालून उभा होता. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तोंडातून गेलं.”

“बसा,” राही म्हणाली. “उभ्यानं पाप फिटत न्हाय.”

पद्मानं पाट दिला. पंत बसले. मग आपण कशाला आलो ते आठवून त्यांनी खिशातून नोटीस काढली, घसा साफ केला. “सूनबाई, वाचनालयाच्या पुस्तकांत लिहिणं हा अपराध आहे. तुमच्या घरचं नाव मला कमी करावं लागेल.”

पद्माचा चेहरा उतरला. “काका, माझं एकटीचं नाही ते. मी नुसती लिहिते. बोलणारी ही मंडळी. शिडाचं ठमाबाईंचं, पेजेचं राहीमावशींचं, आंब्याचं भागोजीचं. म्हटलं, इतकं चांगलं बोलतात आणि सुपारीच्या सालीबरोबर वाऱ्यावर जातं. म्हणून लिहून ठेवत गेले. वही आणायचं सुचलं नाही, समास समोर होता.” मग ती थोडी थांबली आणि डोळे खाली ठेवूनच म्हणाली, “आणि कमी करायचं तर दोन नावं करा, काका. ‘प्रस्तावना हें ग्रंथाचें द्वार होय’ हे अक्षर मी ओळखते. आमच्या वाडीच्या जुन्या कागदावर तेच आहे.”

पंतांनी नोटिशीची चौपदरी घडी घातली, आठपदरी घातली आणि ती उपरण्याच्या टोकात बांधून टाकली.

“पुढं वाचा,” ते म्हणाले. “मी बोलत नाही.”

असे पंत वाडीतले झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी ते जाऊन बसत. सुपारी सोलायला शिकले, दोनदा बोट कापून घेतलं. आपल्याला काय आवडतं हेही त्यांना इथं कळलं. आजवर ते लोकांना सांगत आले होते की आपली आवड इतिहासाची. प्रत्यक्षात त्यांना जुळ्या बहिणी आवडत होत्या, भुयारं आवडत होती, वेशांतर तर फारच. राहीला भांडणारी सासू असलेली पुस्तकं आवडत, पण सासू शेवटी हरली पाहिजे. ठमाबाईला पाणी हवं. ज्या कादंबरीत नदीसुद्धा नाही ती तिला ‘सुकी’ वाटे. भागोजी कमी बोले, पण जिथं माणसं जेवतात तिथं तो पुढं सरके आणि काय काय वाढलं होतं ते पुन्हा वाचायला लावी.

पौष महिन्यात वाचनालयाचा वार्षिक समारंभ ठरला आणि कमिटीनं पंतांना न विचारता पाहुणा ठरवून टाकला : ‘वादळातील वैजयंती’चे लेखक, श्रीयुत घोलवडकर. पंतांना घाम फुटला. पाहुणा आपलं पुस्तक पाहायला मागणार हे नक्की. त्यांनी ते कपाटातून काढून पद्माकडे पाठवून दिलं आणि ‘वाचकाकडे गेले आहे’ अशी नोंद केली, म्हणजे खोटंही नको.

घोलवडकर मुंबईहून बोटीनं रेवसला उतरले आणि तिथून मोटारीनं आले, ते हिरवट चेहऱ्यानं. चाळिशीचे, गोरेपान, सोनेरी काड्यांचा चष्मा. पंतांच्या ओटीवर लिंबाचं सरबत घेऊन त्यांना जरा बरं वाटल्यावर ते म्हणाले, “आपल्याकडे माझी वैजयंती आहे ना? जरा दाखवाल?”

“वाचकाकडे गेली आहे.”

घोलवडकरांचा चेहरा उजळला. “वा! म्हणजे मागणी आहे.”

“भयंकर,” पंत म्हणाले. हे अगदी खरं होतं.

“मग मला त्या वाचकाकडेच घेऊन चला. सभेला अजून तीन तास आहेत. खऱ्या वाचकाची गाठ कुठं पडते हो आम्हाला?”

पंतांनी ऊन सांगितलं, लांब पडेल म्हणून सांगितलं, वाडीत साप असतात असंही सांगून पाहिलं. पाहुणा पायांत वहाणा घालून तयार. शेवटी पंत त्यांना घेऊन निघाले आणि वाटभर मनात देवाचं नाव घेत राहिले.

खळ्यावर ओळख झाली. पद्मानं नमस्कार केला. ठमाबाईनं पाहुण्याला पायापासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. “तुमी लिवलं ते?”

“हो, बाई.”

“तुमी कंदी व्होडीत बसलाव?”

“आजच आलो की बोटीनं.”

“मग काय क्येलंव बोटीत?”

घोलवडकर प्रामाणिक निघाले. “ओकलो,” ते म्हणाले.

ठमाबाई खळखळून हसली आणि तिथंच तिनं त्यांना निम्मं माफ केलं. पण पुस्तक पद्माच्या मांडीवरच होतं. घोलवडकरांनी हात पुढं केला, आणि सून पाहुण्याला नाही तरी कसं म्हणणार? तिनं पंतांकडे पाहिलं. पंतांनी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. पंतांनी एक डोळा उघडून पाहिलं. शिडाच्या टिपेवर घोलवडकरांच्या भुवया चढल्या होत्या. “कादंबरीत थोडी कल्पना चालते,” ते रुक्षपणे म्हणाले. घोड्यावरच्या बाळंतिणीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. राही म्हणाली, “तुमच्या मंडळींस्नी इचारा, दुसऱ्या दिवशी घोडं पाहिजे होतं का म्हून.” घोलवडकर म्हणाले, “नायिका असामान्य आहे, आजीबाई.” राही म्हणाली, “असामान्याला बी पोर तितनंच होतं.” पद्मानं पदर तोंडाला लावला. पाहुण्याचे कान लाल झाले, पण पुस्तक काही त्यांनी खाली ठेवलं नाही.

मग एका पानावर ते थांबले आणि पुढं जाईनात.

“हे काय?” ते म्हणाले. आवाज बदलला होता.

पंत वाकून पाहू लागले. पान एकशे बारा. तिथं पद्माच्या अक्षरात एकच ओळ होती : ‘वैजयंतीच्या आईचें काय झालें? पान तीसवर भाकरी भाजत होती.’

घोलवडकरांनी पान तीस काढलं. मग भराभर शेवटपर्यंत पानं चाळली. परत तीसवर आले. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते.

“मी विसरलो,” ते म्हणाले. “तिला चुलीपुढे बसवली आणि... विसरलो. प्रकाशकानं वाचली, दोन टीकाकारांनी वाचली. माझ्या बायकोनं वाचली! कुणाच्याही ध्यानात आलं नाही.”

“मुलगी पळवून नेली,” राही म्हणाली, “वादळ झालं, लढाई झाली, लगीन लागलं. ती बिचारी तवापासनं भाकऱ्याच भाजते.”

“किती झाल्या असत्याल,” भागोजी कळवळून म्हणाला.

घोलवडकर खळ्यावर मटकन बसले. खाली सुपारी होती याचंही त्यांना भान राहिलं नाही. “काय करायला हवं होतं तिनं?” त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते.

मग काय! ठमाबाईच्या मतानं आईनं मचवा घेऊन स्वतः मुलीच्या मागं जायला हवं होतं. दर्यात बाई उतरली की पुरुष वाटेतनं बाजूला होतात. राहीचं म्हणणं, तिनं आधी शेजारणींना गोळा करून रणधीराच्या बापाला जाब विचारायचा. पद्मा म्हणाली, जुळ्या मुलींपैकी एक हरवली हे फक्त आईलाच माहीत असणार, तर तिनं ते इतकी वर्षं मनात कसं ठेवलं, ते यायला हवं. पंतांनी चाचरत सुचवलं की आई वेशांतर करून डाकूंत स्वयंपाकीण म्हणून शिरली असती, तर भाकरीचाही दुवा लागला असता. भागोजीनं जोरात मान हलवली. घोलवडकरांनी खिशातून चिठोरी काढली, पद्माकडून पेन्सिल मागून घेतली आणि ते लिहीत सुटले.

देवळापुढे कमिटी हार घेऊन ताटकळत बसली होती. पाहुणे तासभर उशिरा आले आणि त्यांच्या धोतराला सुपारीच्या सालीचे डाग होते. भाषण मात्र त्यांनी घरून लिहून आणलं होतं तेच केलं, ‘कादंबरी आणि समाज’, पाऊण तास. ठमाबाई मागे उभी राहून ऐकत होती. मध्येच ती पंतांच्या कानाशी म्हणाली, “दुपारी बरा बोलत होता की हा.”

त्यानंतर कमिटीच्या बैठकीत पंतांनी ठराव आणला की प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरे कागद बांधावेत, वाचकांनी लिहायचं ते तिथं लिहावं. ठराव पास झाला. चार कागद पुरेनात, मग आठ बांधले. तरी समास कुणी सोडला नाहीच.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर पोस्टानं एक पुडकं आलं : ‘वादळातील वैजयंती’, आवृत्ती दुसरी, ‘सुधारून वाढविलेली’. पंत ते न उघडता तसंच वाडीत घेऊन गेले. या खेपेला वाचायचा मान त्यांचा होता. वैजयंतीची आई पान तीसवर भाकऱ्या भाजत होती. एकोणपन्नासावर ती उठली, तेव्हा ठमाबाईनं पंतांच्या पाठीवर थाप मारली. पन्नासावर ती म्हणाली, “बाळ, तुझा बाप...” आणि तिथंच तिला पटकी झाली. एकावन्नावर ती वारली.

सगळे पंतांकडे बघत राहिले, जणू हे त्यांनीच केलं होतं.

“मारलान तिला!” ठमाबाई ओरडली. “आमी आठवन क्येली म्हून मारलान! त्यापरास भाकऱ्या भाजत होती ती बरी.”

“लिव्हा त्येला,” राही म्हणाली. “आत्ताच लिव्हा.”

पद्मानं पोस्टकार्ड आणलं. पंतांनी कचेरीच्या पद्धतीनं सुरुवात केली : ‘सा. न. वि. वि. आपली सुधारित आवृत्ती पावली. वाचून वाचकवर्गास किंचित् खेद...’

“वाचा काय लिवलंव ते,” राहीनं सांगितलं. पंतांनी वाचलं.

“किंचित?” राही म्हणाली. “ह्यो शब्द खोडा.”

पंतांनी खोडला. मग ठमाबाई सांगत गेली आणि पंत लिहीत गेले, कुठं मऊ न करता : की बाईला बोलायला उठवली तर बोलणं तरी पुरं करू द्यायचं, पटकी येते ती अशी अर्ध्या वाक्यात येत नाही, राहीला विचारा, आणि तिसऱ्या आवृत्तीत आई जिवंत नसेल तर आमच्या वाडीत ते पुस्तक येणार नाही. कार्ड भरलं, कडेनं लिहिलं, पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी गेल्या. खाली पद्माची आणि पंतांची सही, ठमाबाई, राही आणि भागोजी यांचे अंगठे. पेटीत टाकायला स्वतः भागोजी गेला.

उघडं कार्ड, आणि गावचा पोस्टमास्तर! दिवेलागणीच्या आधीच तो वाचनालयाच्या दारात धापा टाकत उभा होता.

“पंत,” तो म्हणाला, “ती एकावन्न पानावर मेलेली बाई कोण हो? दोन्ही आवृत्त्या द्या. आधी जिवंत असलेली द्या.”